एक्केचाळिसावी पायरी

मी मंद्रूपची. म्हंजी माहेर मंद्रूप. लगीन होऊन बाविहाळला आले त्येला चाळीस वरसं झाली. हितलं पाणी पिऊन केस पांढरं झालं, पोराला वाढवला, त्येचं लगीन लावलं, आन् तरी गावात मला हाक कशी मारत्यात? "अगं ए मंद्रूपच्ये!" मंद्रूप काय लंडनच्या पल्याड हाय व्हय? दहा किलोमीटर! बाजाराच्या दिवशी ह्याच बाया जीपमधी माज्या मांडीला मांडी लावून तितं जात्यात, आन् येताना पुन्ना मलाच मंद्रूपची म्हणत्यात. अंगाचा नुसता तिळपापड हुतो.

ह्येचं कारण आमची बारव. गावाच्या मधोमध, काळ्या दगडाची, तळापतूर पायऱ्या उतरत गेलेली विहीर. आठशे वरसांची हाय म्हणत्यात. पाच वरसांमागं सरकारनं तिच्या कडंला निळा बोर्ड लावला, 'राज्य संरक्षित स्मारक', आन् खाली बारीक अक्षरात काय काय करायचं न्हाय त्येची यादी. तवापासनं गावाला लई मान आला. रविवारी सोलापूरची माणसं फोटू काढायला येत्यात. पण बारव बोर्डाच्या आदीपासनं हाय, आन् तिचा कायदा बी बोर्डाच्या आदीपासनंच हाय.

कायदा असा. पायऱ्या एक्केचाळीस, जुनी घरं एक्केचाळीस, आन् दर घराची एक पायरी. वावराची वाटणी हुती, घराची हुती, पायरीची हुत न्हाय. ती सासूकडनं सुनंकडं येती. चैत्रातल्या पैल्या सोमवारी नव्या सुनंनं आपल्या घराची पायरी धुवायची आन् तिला इभूत लावायची. धुवायच्या आदी गावातली सगळ्यात मोठी बाई तिला इचारती, "कुटली गं तू?" ती माहेरचं नाव सांगती. धुऊन झालं की पुन्ना इचारती, "कुटली गं तू?" तवा म्हणायचं, "हितली." झालं. त्या दिवसापासनं ती गावची. ज्येंची पायरी पाण्याखाली असंल त्येंनी पाणी उतरायची वाट बगायची. कुणी दोन वरसं थांबतं, कुणी पाच.

मी चाळीस थांबले.

आमच्या घराची पायरी एक्केचाळिसावी, सगळ्यात खालची. माज्या सासूबाई ईरम्मांनी ती बहात्तरच्या दुष्काळात धुतली. त्येच्यानंतर पुराचा गाळ आला त्यो तितंच बसला. दोन हजार सोळाला बारव कोरडी पडली तवा मी कळशी घिऊन पळत खाली गेले, तर अडतीस पायऱ्या आन् पुढं नुसता चिखल. एकोणचाळीस आन् चाळीसवाली घरं कवाच सोलापुरात जाऊन राहिली, त्येंला कशाचं काय न्हाय. मी एकटीच चिखलात उभी. वरनं अंबुबाई म्हणाली, "अगं, एक्केचाळिसावी हाय तरी का? ईरम्मानं बगितली म्हणं! आमी कुणी न्हाय बगितली."

अंबुबाई म्हंजी आता गावातली सगळ्यात मोठी बाई. सत्तरी ओलांडली, पण बहात्तरनंतर दोन वरसांनी लगीन होऊन आलेली, त्येच्यामुळं तिनं काय बगितलं न्हाय ते खरं. तिची पायरी वरनं तिसरी; पैल्या दोन पायऱ्यांची घरं आता गावात न्हाईत. कवा पाण्यात न्हाय, कवा चिखलात न्हाय. दर सोमवारी ती तारेचा ब्रश आन् विटेचा चुरा घिऊन बसायची, घासून घासून पायरी आरशागत केली हुती. आन् गावात मान असा, की पायरी जेवडी वर, तेवडं घर मोठं. लग्नात आहेराला नावं पुकारायची तर तिसरीपासनं सुरवात आन् आमचं नाव शेवटी, मांडव मोकळा झाल्यावर. भांडण झालं की, "जा गं, तळातले तुमी!" ईरम्मांनी जन्मभर ऐकून घेतलं. मी बी ऐकून घेतलं म्हणायला पायजे, पण खोटं कशाला बोलू? दोन-चार जणींची तोंडं मी चांगली बंद केली. तरी आतनं लागायचंच की.

ईरम्मांनी जायच्या आदी मला जवळ बसवलं आन् कन्नडमधी एक खूण सांगितली. "चंद्रव्वा, आपल्या पायरीच्या डाव्या अंगाला वाटीएवडा खळगा हाय. घागर ठिवली की तितं बसती, हालत न्हाय. इसरू नगस." मी कशी इसरीन? रोज भांडी घासताना ती खूण माज्या हाताला आठवायची.

ह्या फाल्गुनात माज्या पोराचं, शिवपुत्रचं, लगीन झालं. त्यो सोलापुरात भवानी पेठंत टॉवेलच्या कारखान्यात हाय, रोज मोटारसायकलवरनं जाऊन येऊन करतो. सून काव्या, मोहोळची, बी. ए. झालेली. गोड बोलती पण कुणाचं ऐकून घेत न्हाय, म्हणून तर मला बगताक्षणी पसंत पडली. पैल्याच आठवड्यात बोरिंगवरच्या बाया म्हणायला लागल्या, "मोहोळची आली बगा, मोहोळची आली." मी मनाशी म्हटलं, माजं झालं ते झालं. ह्या पोरीला जन्मभर मोहोळची राहू द्यायची न्हाय.

आन् चैत्र लागता लागता सरकारी माणूस आला, गाळ काढायला! अमरेश नाव त्येचं. अक्कलकोटकडचा, तिशीतला, डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, जुनी कन्नड अक्षरं वाचणारा. त्येनं पंचायतीसमोर सगळ्यांना सांगितलं, "नऊ दिवस पाणी उपसून गाळ काढणार आहोत. काम चालू असताना बारवेत कुणी उतरायचं नाही. आणि यापुढं तारेचा ब्रश, ॲसिड, रंग, काहीही दगडाला लावायचं नाही."

अंबुबाई फणकारली, "घासली म्हणून तर चमकती! सरकार आत्ता आलंय. घासायला आमीच हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घिऊन बारवंच्या तोंडाशी जाऊन बसले. संगं काव्या.

"आजी, इथं बसता येणार नाही," अमरेश म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस रं? मला अजून नातू न्हाय. आन् मी बारवंत कुटं उतरले? काव्या, वाच गं त्यो बोर्ड. बसायचं न्हाय असं लिवलंय का?"

काव्यानं शिस्तीत वरपासनं खालपतूर यादी वाचली आन् म्हणाली, "नाही लिहिलेलं, सर."

त्यो हसला. मला मावशी म्हणायला लागला. माणूस वाईट न्हवता.

आठ दिवस मी तितंच. इंजिन पाणी ओढतंय, माणसं घमेल्यानं गाळ वर काढत्यात, आन् मी एकेक पायरी मोजती. गाळातनं काय काय निघालं! फुटकी मडकी, सायकलचं चाक, तीन मोबाईल, आन् लग्नाच्या दुसऱ्या वरसी माज्या हातनं पडलेली माजीच कळशी. तिच्यावरनं ईरम्मांची म्हैनाभर बोलणी खाल्ली हुती मी. नवव्या दिवशी एकोणचाळिसावी लागली. दुपारी चाळिसावी. सगळा गाव वर कठड्याला गोळा झाला हुता.

मंग खालनं पहारेचा खण्ण करून आवाज आला. सपाट दगड. अमरेशनं चारी बाजूंनी चाचपून बगितलं आन् वर बगून म्हणाला, "तळ लागला. चाळीस पायऱ्या."

अंबुबाई हळूच म्हणाली, "मी म्हणलं न्हवतं?" तिच्या बोलण्यात टोमणा बी न्हवता, त्येचंच मला जास्त लागलं. चाळीस वरसं मी ज्या पायरीची वाट बगितली ती न्हाईच म्हणं. म्हंजी ईरम्मा खोट्या. आमचं घर बिनपायरीचं. काव्या बिनपायरीची.

मी कवा उठले, छत्री कुटं टाकली, काय ठाव न्हाय. निम्म्या पायऱ्या उतरले तवा अमरेश ओरडला, "मावशी, थांबा! घसराल!" कोण थांबतंय! खाली गेले, चिखलात गुडघं टेकले आन् त्या सपाट दगडावर डाव्या अंगाला तळहात फिरवला. गुळगुळीत. खळगा न्हाय. वर चाळिसावीवर फिरवला. तितं बी न्हाय.

"ही आमची न्हाय," मी म्हटलं. "आमच्या पायरीला डावीकडं खळगा हाय. अजून खाली हाय ती."

"मावशी, ही पायरी नाहीच. हा तळ आहे. खाली काही नाही."

"माजी सासू खोटं बोलली व्हय? तिनं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली न्हाय, आन् मरताना खोटं बोलंल?"

"मी तसं म्हणत नाही, पण इंजिन आज संध्याकाळपर्यंतच आहे. झरे मोकळे झालेत, पाणी चढतंय."

तवर काव्या माज्यामागनं खाली आली हुती. ती दगडाकडं बगत हुती. "सर, पायऱ्यांचे दगड सगळे एका मापाचे आहेत. हा मोठा आहे, आणि याची एक कड गोल घडवलेली आहे. वरच्या कठड्याच्या दगडांना तशीच कड आहे. त्या कोपऱ्यातला एक दगड तिथं नाहीये, बघा."

अमरेशनं मान वर केली. आमी सगळ्यांनीच केली. कठड्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात, जितं कायम पोरं पाय सोडून बसत्यात, तितं एका दगडाची जागा मोकळी हुती. बगून बगून इतकी सवय झालेली, की तितला दगड कुटं गेला असं कुणी कवा इचारलंच न्हाय.

"दोन तास," अमरेश म्हणाला. "त्याच्या वर मला थांबता येणार नाही."

सहा माणसं, तीन पहारी आन् एक दोर. दगड हालायला तयार न्हाय. मी "हं, लावा जोर!" म्हणून ओरडत हुते, वरनं गाव ओरडत हुतं. दीड तासानं त्यो एका अंगावर उचलला आन् माणसांनी बाजूला सारला. खाली काळा गाळ. अमरेशनं फावडं लावू दिलं न्हाय, आपल्या हातानं उपसायला लागला. मी त्येला इचारलं बी न्हाय. डाव्या अंगाला गाळात हात घातला, कोपरापतूर. दगड लागला. थंडगार. बोटं पुढं सरकवली, आन् बोटं आत गेली. वाटीएवडा खळगा.

"ईरम्मा!" मी अशी किंचाळले की इंजिनवाल्यानं भिऊन इंजिन बंद केलं.

काव्यानं माजी ती गाळातनं निघालेली जुनी कळशी आणली. खळग्यात ठिवली. बसली. हालली न्हाय.

मला रडू आवरंना. अमरेश मातर पायरीच्या उभ्या अंगावरचा चिखल ओल्या फडक्यानं टिपत हुता. टिपता टिपता थांबला. बॅटरी आडवी धरली. दगडावर अक्षरं हुती, एका वळीत, आत्ता कोरल्यागत ठळक. त्येनं ओठांतल्या ओठांत वाचलं, पुन्ना वाचलं, मंग वरच्या दोन पायऱ्यांवरचा चिखल टिपून त्या बी वाचल्या. त्येचा आवाजच बदलला.

"मावशी, तुमच्या पायरीवर लिहिलंय, पहिली पायरी. पाणी वाहणाऱ्या माळव्वेची."

"पैली?"

"पहिली. ही वरची, दुसरी, कुंभाराच्या घरची. तिच्यावरची तिसरी, तेल गाळणाऱ्याच्या घरची. बांधणारे खालून वर बांधत येतात ना. त्यांनी मोजलं ते खालून. बारवेला पाणी लागायच्या आधी ही बाई बांधणाऱ्यांसाठी पाणी वाहत असणार. म्हणून तिची पहिली."

त्येनं फडकं परत भिजवून आमच्या पायरीची उजवी बाजू टिपली. तितं अजून एक बारीक वळ हुती. ती वाचायला त्येला लई येळ लागला. मंग त्यो चिखलातच बसला आन् म्हणाला, "अशा बारवा राजानं बांधल्या, सरदारानं बांधल्या, असंच आम्ही बहुतेक लिहीत आलो. हिच्यावर अजून तरी राजाचं नाव नाही. ही घराघरांनी बांधली. आणि इथं लिहिलंय, ज्या घरची पायरी त्या घरच्या बाईनं ती राखावी. तुमचा तो चैत्रातला सोमवार आहे ना मावशी, त्याचा हुकूम या दगडावर आहे. आठशे वर्षं झाली, आणि तुम्ही तो अजून पाळताय."

काय सांगू, माजी छाती कशी भरून आली! मी म्हटलं, "मंग लिव तुज्या वहीत, माळव्वेचं घर म्हंजी आमचं घर."

त्यो जरा अडखळला. "ते मला लिहिता येणार नाही. मध्ये इतक्या पिढ्यांची उलथापालथ. तुमचं रक्त तेच आहे असं कसं..."

"रक्ताचं इचारतोस व्हय?" माजं डोस्कं तापलं. "ह्या पायरीवर रक्त कवा चाललंच न्हाय. माळव्वेनं ती सुनंला दिली असंल, ती सून बी कुटली तरी भाईरचीच असंल. ईरम्मा इंडीच्या. मी मंद्रूपची. ही मोहोळची. आमी सगळ्या भाईरच्या, आन् आमीच सांभाळली. ते लिव."

त्येनं वही काढली आन् खरंच लिवलं. माज्यादेखत, माज्याच शब्दांत.

मंग मला कुटं दम निघतोय? उठले, कमरंवर हात ठिवला आन् वर बगून वरडले, "अंबुबाई! खालनं मोजलं तर तुमची कितवी भरती? एकोणचाळिसावी! आहेराला आता तुमी शेवटी, बरं का!" सगळी बारव हसली. चाळीस वरसांचं साचलेलं मी एका दमात मोकळं केलं.

अमरेश फडकं आन् बॅटरी घिऊन एकेक पायरी वाचत वर निघाला. लव्हाराच्या घरची, माळ्याच्या घरची, कोष्ट्याच्या घरची. नाव निघालं की वरनं त्या घरच्या बाया टाळ्या वाजवायच्या. निम्म्याच्या वर अक्षरं पुसट व्हायला लागली. पावलांनी झिजलेली. तरी दोन-चार अक्षरं लागायची. अंबुबाई आपल्या पायरीशी पदर सावरून उभी हुती.

"आमचं वाच," ती म्हणाली.

अमरेशनं बॅटरी डावीकडनं धरली, उजवीकडनं धरली. हात फिरवला. "इथं होतं, अंबुबाई," त्यो शेवटी म्हणाला. "ओळीची खूण दिसतीय. पण घासून गेलंय."

अंबुबाईनं आपल्या हाताकडं बगितलं. "मीच घासलं," ती म्हणाली. "माज्या सासूनं घासलं, तिच्या सासूनं घासलं. चमकावी म्हणून." आन् तितंच मटकन खाली बसली.

ही बाई एकदा तरी गप व्हावी म्हणून मी किती सोमवार धरले असतील! आन् आता ती गप झाली तर मला काय गोड लागंना. माज्या पायरीला चिखलानं सांभाळलं हुतं आन् तिच्या पायरीला मायेनं खाल्लं हुतं. मला आपल्या मघाशीच्या बोलण्याची लाज वाटली, आन् लाज वाटायची मला सवय न्हाय.

तेवड्यात अंबुबाई उठली. भिताडाला हात लावला आन् खाली उतरायला लागली. तिचं गुडघं गेल्यात, धा पायऱ्यांच्या खाली ती कैक वरसांत उतरली न्हवती. सून धरायला आली तर तिला झिडकारलं. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, चिखलानं लुगडं भरवत, अडतीस पायऱ्या उतरून माज्याम्होरं येऊन उभी राहिली. धाप लागली हुती.

"धू," ती म्हणाली.

"आज बेस्तरवार हाय, अंबुबाई. सोमवार न्हाय."

"चाळीस वरसं झाली आन् आता वार बगतीस व्हय? धू मुकाट्यानं. पाणी चढतंय." मंग तिनं पदर डोक्यावर घेतला आन् रीतीपरमाणं इचारलं, "कुटली गं तू?"

"मंद्रूपची," मी म्हटलं.

"आन् तू?"

"मोहोळची," काव्या म्हणाली.

आमी दोगी बसलो. ब्रश न्हाय, चुरा न्हाय. नुसतं पाणी आन् तळहात. अमरेशनं अक्षरांवर कसा हात फिरवायचा ते दावलं, हळू, दाबायचं न्हाय. कळशीनं पाणी सोडलं, चिखल गेला, काळा दगड वर आला. खळग्यात पाणी साठलं. अंबुबाईनं कमरंच्या पिशवीतनं इभूत काढून दिली. आमी ती लावली, अक्षरांच्या कडंला, अक्षरांवर न्हाय. झऱ्याचं पाणी पायाच्या बोटांना लागायला लागलं हुतं.

"कुटली गं तू?" अंबुबाईनं इचारलं.

ह्यो एक शब्द मी चाळीस वरसं तोंडात धरून हुते, आन् आता त्योच फुटंना. काव्याकडं बगितलं. तिचं तोंड उघडलं हुतं, पण ती थांबली. माज्या आदी बोलणार न्हवती.

"हितली," मी म्हटलं. मलाच धड ऐकू आलं न्हाय.

"मोठ्यांदा बोल की," अंबुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत हुतं आन् ती मलाच रागं भरत हुती. "वरच्यांला ऐकू जाऊ दे. मंद्रूपची मंद्रूपची म्हणून जीव नकोसा केलाय तुजा."

मंग मी जोर लावला. "हितली!" बारवंच्या चारी भिताडांनी ते माज्याकडं परत धाडलं, आन् मागनं काव्याचं आलं.